पुष्पाबाईंचा पंपाचा कागद

पुष्पाबाईंचा मला आधी फार राग यायचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढं मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलणार आहे, तेव्हा कुणाला वाटायला नको की म्हातारपणी माणसाला सगळ्यांबद्दल चांगलंच आठवतं. मला तसं आठवत नाही. ज्यांनी त्रास दिला त्यांची नावं मला आजही तोंडपाठ आहेत.

राहुरीपासून एसटीनं पाऊण तासावर आमचं बाजाराचं गाव. तिथल्या शेतकरी संघाच्या ऑफिसात त्या टायपिस्ट होत्या आणि मी, सहादेव, गोदामाचा स्टोअरकीपर. खतांची पोती, बियाण्याच्या पिशव्या, औषधाच्या बाटल्या, सगळं माझ्या किल्लीखाली. शिवाय मी मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिला आलेला माणूस. गावात कुणाचा सत्कार निघाला की मानपत्र माझ्याकडूनच लिहून घेत. आणि ही बाई मी लिहिलेला कागद टायपाला घेतला की दोन मिनिटांत मशीन थांबवायची, मान वर करायची आणि विचारायची, "म्हणजे?"

एकदा मी लिहिलं होतं, 'सभासदांनी विहित मुदतीत मागणी नोंदवावी.' विहित मुदतीत म्हणजे कधी, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, पंधरा तारखेपर्यंत. मग पंधरा तारीखच टाकते, असं म्हणून त्या टाकून मोकळ्याही झाल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मॅनेजरकडे तक्रार केली, तर मॅनेजर म्हणाले की कागद बरा झालाय, राहू द्या.

बाई आमच्याच गावच्या. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, तशा त्या माहेरी आल्या. घरात आई, झुंबरबाई, आणि त्या. नगरला मावशीकडे राहून टायपिंगची परीक्षा दिली नि नोकरीला लागल्या. गल्लीत त्यांना मान होता तो मात्र टायपिंगमुळं नाही, पोस्टकार्डांमुळं. दिवाळी झाली की अर्धी गल्ली ऊसतोडीला जायची, कुणी श्रीगोंद्याकडं, कुणी कोपरगावाकडं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या कार्ड घेऊन बाईंच्या ओट्यावर येत. ते कार्ड तिकडं ऊसतोड्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, तिसराच कुणीतरी वाचून दाखवणार, आणि ज्याचं आहे तो चुलीपुढं बसून ऐकणार. कळलं नाही तर परत विचारायची सोय नाही. म्हणून बाई कार्ड लिहून झालं की आधी म्हातारीलाच वाचून दाखवायच्या, आणि तिच्या कपाळाला आठी पडली की ते वाक्य खोडून दुसरं लिहायच्या. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला एवढंच दिसत होतं, की ही बाई माझ्या मराठीला कात्री लावते.

आता त्र्याहत्तर सालचं सांगतो. बहात्तरचा दुष्काळ अंगावरून गेलेला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून, सरकारी सुकडी खाऊन कशीबशी तगली होती. त्र्याहत्तरला मात्र रानं हिरवी झाली, बाजरी गुडघ्याला लागली. लोकांच्या तोंडावर हसू दिसायला लागलं तोच श्रावणात लष्करी अळी आली. संध्याकाळी बघावं तर हिरवं रान, सकाळी नुसते दांडे उभे. दोन वर्षांनी हाताशी आलेलं पहिलं पीक ते. लोक गोदामाच्या दारात येऊन बसायला लागले.

संघानं घाईनं चाळीस फवारणी पंप मागवले. आमच्याकडं तोवर लोक भुकटी फडक्यात बांधून पिकावर झटकायचे, पंप कुणी हातात धरलेला नव्हता. पितळेची टाकी पाठीवर घ्यायची, एका हातानं दांडा हलवायचा, दुसऱ्या हातात नळी. नळीच्या टोकाला नोझल, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यातून औषधाचा फवारा उडतो. पंपाबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. मॅनेजर मला म्हणाले, याचा मराठीत एक कागद करा, प्रत्येक पंपाबरोबर देऊ.

मी दोन दिवस खपलो. काय लिहिलं होतं ते सांगायची आज लाज वाटते, पण सांगतो. 'तुषारमुखात अवरोध उत्पन्न झाल्यास ते विलग करून स्वच्छ करावे.' हे वाक्य जमलं तेव्हा मी स्वतःसाठी हॉटेलातून चहा मागवला होता.

बाईंनी मशीन थांबवलं. तुषारमुख म्हणजे काय, असं विचारलं. नोझल, मी म्हटलं. मग नोझलच का लिहीत नाही? मी म्हटलं, ते इंग्रजी आहे. त्या म्हणाल्या, पंप पण इंग्रजीच आहे. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी गिळलं असतं, पण त्या पुढं म्हणाल्या, "आणि स्वच्छ करावे म्हणजे कशानं?"

माझं डोकं फिरलं. मी सगळ्या ऑफिससमोर म्हणालो, "बाई, तुम्ही टाइप करा. अर्थ लावायला लोकांना अक्कल आहे."  त्यांनी खाली मान घालून प्रती काढायचं स्टेन्सिल जसंच्या तसं कापलं.

पहिला पंप गेला भीमाला. पिंपळदऱ्याच्या वस्तीवर त्याची दोन एकर बाजरी होती आणि अळी त्याच्या बांधापर्यंत आली होती. देताना मी गोदामाच्या अंगणात साधं पाणी भरून पंप चालवून दाखवला. पाण्यात काहीतरी कचरा असावा, मध्येच फवारा बंद पडला. मी ऐटीत नोझल फिरवून काढलं, ओठाला लावलं आणि फूऽ करून जोरात फुंकर मारली. सायकलवाला ट्यूबच्या व्हॉल्व्हला मारतो तशी. फवारा पुन्हा उडाला. जमलेले लोक वा वा म्हणाले, आणि भीमा पंप सायकलला बांधून माझा कागद खिशात घालून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक टेम्पो गोदामासमोर करकचून थांबला. मागं भीमा आडवा पडलेला, तोंडातून लाळ चाललेली, अंग घामानं भिजलेलं, हातापायाला बारीक झटके येत होते. त्याची बायको लंकाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. ड्रायव्हर म्हणाला, सकाळपासनं फवारत होता, नोझल सारखं तुंबत होतं, सात-आठ वेळा फुंकलं, मग बांधावर तशीच भाकरी खाल्ली नि पडला. आता नगरच्या मोठ्या दवाखान्यात चाललोय, काय औषध हुतं तेवढं सांगा.

 'फुंकलं' हा एकच शब्द कानात घुमत होता. औषधाचं नावही आठवेना. पुष्पाबाई ऑफिसातून धावत आल्या, सरळ माझ्या गोदामात घुसल्या, रॅकवरून तसलीच एक बंद बाटली काढली आणि माझ्या हातात कोंबली. डॉक्टरांना नाव वाचू द्या, तुम्ही जा बरोबर, असं म्हणत त्यांनी मला अक्षरशः टेम्पोत ढकललं.

नगर येईपर्यंत लंकाबाई पदरानं त्याची लाळ पुसत होती.  डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि लगेच नर्सला इंजेक्शन सांगितलं. म्हणाले, बाटली आणलीत म्हणून बरं, आमचा अर्धा तास वाचला. तो दिवस नि ती रात्र मी व्हरांड्यात काढली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला भीमानं डोळे उघडले आणि चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण आठ दिवस इथंच राहू दे. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला बहिणीचं लग्न पार पडलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

परत आलो तर भीमाचा पंप वस्तीवरच्यांनी माझ्या आधी गोदामात आणून टाकला होता. मॅनेजरनी उरलेल्या एकोणचाळीस पंपांना कुलूप घालायला सांगितलं होतं. त्यांचंही खरं होतं. दुसरा माणूस पडला तर काय करायचं? पण फाटकाबाहेर चाळीस-पन्नास माणसं उभी होती. अर्धी पंपाला घाबरलेली, अर्धी पंप द्या म्हणून ओरडणारी, आणि सगळ्यांच्या रानात अळी.

पुष्पाबाई अंगणात चटई टाकून, हाताला फडकी बांधून भीमाचा पंप खोलत बसल्या होत्या. मी जवळ गेलो. त्यांनी टाकीच्या तळातून काढलेलं एका पत्र्यावर ठेवलं होतं. फुगलेले बाजरीचे दाणे, त्यांचा भुसा आणि हळदीचा पिवळा गाळ.

मला उमगायला वेळ लागला नाही. आमच्याकडं नवं भांडं घरात रिकामं आणत नाहीत. उंबऱ्यात त्यात मूठभर धान्य टाकायचं, हळदकुंकू वाहायचं, मग आत घ्यायचं. टाकी म्हणजे भांडंच. लंकाबाईनं टाकीच्या तोंडावरची जाळी उचलून दाणे तळाला लागतील असे टाकले असणार. त्या साली मूठभर बाजरी म्हणजे काय चीज होती ते आमच्या पिढीला विचारा. तिनं ती पंपाला दिली, आणि तीच जाऊन नोझलात अडकली.

मला वाटलं, बाई आता मला ऐकवणार. 'कशानं?' म्हणून विचारलं होतं की नाही तुम्हाला, असं म्हणणार. मी तयारीत उभा होतो. त्यांनी पंप कसा धुवायचा तेवढं विचारलं. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुपारी त्या मॅनेजरकडं गेल्या आणि म्हणाल्या, मला एक दिवस द्या, मी कागद नव्यानं करते. मॅनेजर म्हणाले, कागदानं काय होणार आहे? बाई म्हणाल्या, कागद नीट असता तर भीमा घरी असता. मॅनेजरनी माझ्याकडं पाहिलं, मी भिंतीकडं पाहिलं. शेवटी ठरलं असं, की एकच पंप बाहेर जाईल, एकाच रानात, बाई आणि मी तिथं उभे राहू. ते माणूस धडधाकट राहिलं तर कुलूप निघेल, नाहीतर पंप परत कंपनीला.

आता ते माणूस कोण, हा प्रश्न होता. तो सुटायला फार वेळ लागला नाही. संध्याकाळच्या आत लंकाबाईच फाटकात येऊन उभी राहिली. नवऱ्याजवळ सासूला बसवून आली होती. म्हणाली, अर्धी बाजरी खाल्ली, अर्धी ऱ्हायलीय. मला द्या पंप, मी मारते. मी नको नको म्हणालो. बाईंनी तिला सकाळी लवकर यायला सांगितलं.

बाईंनी संध्याकाळभर बसून पहिला कागद केला. सकाळी मला दाखवला. सुरुवातीलाच लिहिलं होतं, 'पंपाची पूजा खुशाल करा. पण दाणे, हळद, कुंकू टाकीच्या आत नको, बाहेरून दांड्याला लावा. दाणा आत गेला की नोझल तुंबतं.'

मी म्हटलं, बाई, हे आज तिच्यापुढं वाचणार? तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. आजच्यापुरतं गाळा. बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "मी गाळीन हो. पण एकोणचाळीस घरांत एकोणचाळीस बायका हेच करतील, सहादेवराव." ओळ राहिली.

अंगणात साधं पाणी भरून ठेवलं होतं. बाईंचा नियम एकच. त्या वाचतील, लंकाबाई ऐकेल तेवढंच करील, आणि मी तोंड उघडायचं नाही. खाणाखुणासुद्धा नाहीत. ती अडली तर चूक कागदाची, तिची नाही, हे त्यांनी तिलाही दोनदा बजावलं.

पहिलीच ओळ वाचली आणि लंकाबाईचा हात टाकीवर होता तिथंच राहिला. ती आमच्याकडं बघेना. हळूच म्हणाली, "दाणे म्या टाकले हुते." मग पुन्हा म्हणाली, "म्या टाकले. म्हंजी त्यांना म्याच..." आणि खाली बसली.

 बाई पुढं होऊन तिच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या, पण त्यांच्याआधी मीच बोललो. तोंड उघडायचं नाही हा नियम मी तिथं मोडला. म्हणालो, "लंकाबाई, दाण्यानं नोझल तुंबलं. पण विष त्याच्या पोटात गेलं ते फुंकल्यामुळं. आणि फुंकायचं त्याला मी शिकवलं. याच अंगणात, तोंडाला लावून दाखवलं. या बाईंनी आधी विचारलं होतं, मी त्यांना गप्प केलं."

गोदामातले हमाल ऐकत होते, फाटकातली माणसं ऐकत होती. आयुष्यात एवढं साधं मराठी मी कधी बोललो नव्हतो. लंकाबाईनं माझ्याकडं पाहिलं. ती शिव्या देईल, पंप फेकून मारील, काहीही चाललं असतं. ती उठली, पदर खोचला आणि बाईंना म्हणाली, "पुढचं वाचा. आळी थांबायची न्हाई आपल्यासाठी."

मग दिवसभर ते चाललं. 'टाकी भरून उचला' असं वाचल्याबरोबर लंकाबाईनं टाकी डोक्यावर घेतली. का नाही घेणार, बाई माणूस भरलेलं भांडं आणखी कुठं घेतं? मी ओठ चावून उभा राहिलो. बाईंनी तिथं खूण केली आणि लिहिलं, 'टाकी डोक्यावर किंवा कमरेवर नको. दोन्ही पट्ट्यांत हात घालून पाठीवर घ्या, पाठीला आधी खताच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा कागद बांधा.' औषधाचं माप पुस्तिकेत सी.सी.मध्ये होतं. आमच्याकडं सी.सी. कुणी पाहिलेत? लंकाबाई म्हणाली, घरातला चमचा आणते. बाईंनी 'घरातला चमचा नको' असं ठळक लिहिलं आणि दवाखान्यातलं माप मागवून बाटलीच्याच टोपणानं मोजून बघितलं, एका टाकीला दोन टोपणं बरोबर बसली.

'वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करावी' ही माझ्या कागदातली ओळ तशीच राहिली होती, तिथं ती गरगर फिरली. बाईंनी कागद खाली ठेवून विचारलं, उपणताना तू कशी उभी राहतेस? भुसा अंगावर येऊ नये म्हणून आमच्या बाया वारं कसं ओळखतात ते तुम्ही पाहिलंच असेल. लंकाबाई क्षणात नीट उभी राहिली. मग ते वाक्य झालं, 'उपणताना उभे राहता तसे उभे राहा.' माझी वाऱ्याची दिशा गेली केराच्या टोपलीत.

नोझलचं वाक्य सगळ्यांत जास्त वेळा खोडलं गेलं. शेवटी असं उरलं, 'नोझल तुंबलं तर तोंड लावू नका. फुंकू नका, चोखू नका. गवताच्या बारीक काडीनं भोक मोकळं करा आणि पाण्यात बुडवून हलवा. दोन काड्या आधीच कनवटीला ठेवा.' आणि संपूर्ण कागदावर जिथं जिथं मी 'औषध' लिहिलं होतं तिथं बाईंनी 'विष' केलं. मॅनेजर कुरकुरले की असं लिहिलं तर कोण घेईल. बाई म्हणाल्या, अळी मारायलाच घेतात ना? दिवस कलताना चौथा कागद तयार झाला. लंकाबाईनं पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडता पंप चालवला, आणि नंतर कागद न ऐकता पुन्हा एकदा चालवला. फाटकातल्या दोन म्हाताऱ्यांना तोवर सगळं पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उजाडताना आम्ही पिंपळदऱ्याला पोचलो. लंकाबाईनं लुगडं घट्ट कासोटा घालून नेसलं होतं, नाकातोंडाला फडकं, हातांना नि पाठीला प्लॅस्टिक. तिची जाऊ पाणी आणून देत होती. आता टाकीत साधं पाणी नव्हतं. पुष्पाबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधावर कागद धरून उभ्या होत्या, पण त्यांना वाचायची वेळ आली नाही. 

चौथ्या टाकीला फवारा बंद पडला.  लंकाबाई थांबली, नोझल फिरवून काढलं आणि वर धरलं. चेहऱ्याजवळ नेलं. मी ओरडणार होतो, बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. ती भोक बघत होती, बाकी काही नाही. कनवटीची काडी काढली, भोकात फिरवली, नोझल पाण्यात बुडवून हलवलं आणि परत बसवलं. फवारा उडाला. बाईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांच्या नखांचे वळ उठले होते.

दहा-साडेदहापर्यंत उरलेली बाजरी फवारून झाली. लंकाबाईनं पंप तीन पाण्यांनी धुऊन आडोशाला ठेवला, विहिरीवर साबण लावून अंघोळ केली, लुगडं बदललं, आणि हात पुन्हा एकदा धुतले. मग आमच्याजवळ लिंबाखाली येऊन बसली. खरी परीक्षा आता होती. विष अंगात भिनलं असेल तर ते दोन-चार तासांत दिसतं, आधी मळमळतं, अन्न नको वाटतं, मग बाकीचं. ड्रायव्हरला आम्ही टेम्पो घेऊन बांधावर बसवून ठेवला होता, माझ्या पिशवीत बंद बाटली होती.

आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत बसलो. बाईंनी डबा आणला होता, तो उघडला नाही. मीही पाणीसुद्धा प्यालो नाही. बारा वाजले. कशी आहेस, विचारलं तर ती म्हणायची, बरी हाय. एकदा तिनं डोळे मिटले तर बाई ताडकन उठल्या, आणि ती म्हणाली की ऊन लागतंय डोळ्यावर. एक वाजला. खाली बाजरीच्या बुडाशी अळ्या गळून पडलेल्या दिसत होत्या, पण आमच्यापैकी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मनात एकच चाललं होतं, या बाईला काही होऊ नये. दोनच्या सुमाराला लंकाबाई चुळबुळ करायला लागली. पोटावर हात ठेवला.  ड्रायव्हर उठून उभा राहिला.

बाईंनी वाकून विचारलं, काय होतंय?

ती ओशाळून म्हणाली, "बाई, लई भूक लागलीया."

पुष्पाबाईंनी डबा पुढं ओढला. एवढी शांत बाई, पण डब्याचं झाकण उघडेना त्यांच्या हातानं. शेवटी मी उघडून दिलं. लंकाबाई घास घेण्याआधी उठली, विहिरीवर जाऊन हात आणखी एकदा धुऊन आली, आणि मग भाकरी मोडली. एक संपवली, दुसरी घेतली. बाईंनी मला सांगितलं, मॅनेजरना सांगा कुलूप काढायला, सोमवारी नको, आजच. एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या, भीमाच्या वेळचं सगळं साठलेलं तिथं बाहेर पडलं. मी रुमाल शोधायला लागलो.

लंकाबाई खाता खाता माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, रडताय काय, चटनी द्या हिकडं."